पायलटचं बिऱ्हाड

लिंबागणेशच्या मंगलची लेक विमान चालवते, ही गोष्ट गावानं दोन वर्षांपूर्वीच पचवली होती. पेढे वाटून झाले, हारतुरे झाले, शाळेत सत्कारही झाला. गावाला पचत नव्हतं ते वेगळंच. करिष्मा विमान चालवते म्हणतात, मग ती आठवड्यातले चार-चार दिवस पुण्यात खोलीवर बसून कशी असते?

"मंगलमावशी, नोकरी हाय ना अजून पोरीची?" किराणा दुकानदार हरिबा साखरेचा पुडा बांधता बांधता विचारायचा. त्याच्या आवाजात काळजी कमी आणि चवच जास्त असायची.

"हाय की. सध्या राखीव हाय ती. दुसरा पायलट आजारी पडला, कुठं अडकला, की हिला फोन येतो. फोन आला की दीड तासात विमानतळावर हजर. न्हाई आला फोन तरी पगार चालूच."

"म्हंजी फोनाची वाट बघायचा पगार!"

"तू दिसभर गिऱ्हाइकाची वाट फुकट बघतो, त्याला मी काय करू?" असं म्हणून मंगल पुडा उचलून चालू लागायची.

बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. वीस हंगाम तिनं ऊस तोडला होता. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. अशा बारा कोयत्यांच्या टोळीचा मुकादम कागदावर तिचा नवरा आसाराम होता, पण टोळी हाकायची मंगल. कुठल्या कारखान्याला जायचं, राहायची झोपडी, म्हणजे कोपी, कुठं घालायची, कुणाचं भांडण कसं मिटवायचं, सगळं तिच्या शब्दावर. आसारामला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तो निवांत माणूस, निर्णय दुसऱ्यानं घेतला की त्याला जेवण गोड लागायचं.

यंदा मात्र हे राखीव असणं करिष्माच्या चांगलंच अंगाशी आलं. ती राहायची चुलतभावाकडे, पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला. एके दिवशी फोन आला तेव्हा चौकाचौकात गाड्या तुंबलेल्या. ती वीस मिनिटं उशिरा पोचली, विमान दुसऱ्याच पायलटनं नेलं आणि कंपनीचं पत्र हिच्या हातात पडलं. पुन्हा असं झालं तर उड्डाणं बंद, आणि नोकरीत कायम होणंही लांबणीवर. एवढ्या कष्टानं मिळवलेल्या नोकरीवर गदा आली होती, आणि कशामुळे, तर राहायची जागा लांब पडली म्हणून.

"माय, विमानतळाजवळच खोली बघावी लागंल," करिष्मा फोनवर रडकुंडीला आली होती. "पण एकट्या पोरीला कुणी देईना. अवेळी येणं-जाणं हाय म्हटलं की दारच लावतेत."

"तू विमानाचं बघ. बिऱ्हाडाचं माज्यावर सोड," मंगल म्हणाली.

आता मंगलला विमानातलं काही कळत नव्हतं. पण कामाच्या जागेजवळ बिऱ्हाड थाटणं हा तर तिचा हातखंडा. कोपी घालायची तर तिचे नियम ठरलेले होते. पाणी जवळ हवं, पायाखालची जमीन कोरडी हवी आणि कारखान्याचं धुराडं नजरेच्या टप्प्यात हवं. धुराडं दिसलं की कारखाना जवळ, कारण उसाच्या मुलखात माणूस बांध ओलांडत सरळ रेषेत चालतो. वीस वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नव्हता.

तिनं लिंबागणेशात ओट्यावर बसूनच फोन फिरवायला सुरुवात केली. पूर्वी तिच्या टोळीत असलेला दिंद्रुडचा त्रिंबक आता पुण्यात विमानतळाच्या बाजूला एका सोसायटीवर वॉचमन होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा उलट फोन आला.

"मावशी, खोली घावली. मालक भला माणूस हाय. अन् खिडकीतून इमान असं दिसतंय म्हंता, चाकं मोजून घ्या!"

"धावायची जागा दिसती का?"

"पुरी दिसती. मधी नुसती एक भिंत."

"मग बघायचंच काय राह्यलं? ठरवून टाक."

करिष्मा त्या वेळी प्रशिक्षणाला हैदराबादला होती. आईनं ठरवलंय म्हटल्यावर तिनं नकाशा उघडण्याचीही तसदी घेतली नाही. परतली ती थेट नव्या खोलीवर. खिडकीत उभी राहून तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला, मागून विमान घरघरत वर गेलं, आणि मंगलनं तो कॉल अख्ख्या आळीला दाखवला.

पाचव्या दिवशी राखीवचा फोन आला तेव्हा करिष्माला कळलं की ती भिंत साधी भिंत नव्हती. विमानतळ त्या भिंतीपलीकडे होता खरा, पण आत जायचं दार पार विरुद्ध बाजूला. अख्ख्या धावपट्टीला वळसा घालायचा, त्यात अरुंद रस्ता, भाजीबाजार आणि शाळा सुटलेली. रिक्षातून तिला सगळा वेळ विमानतळ दिसत होता आणि जवळ मात्र येत नव्हता. शेवटचा टप्पा ती बॅग ओढत पळत सुटली आणि वेळ संपायला चार मिनिटं उरलेली असताना पोचली.

"माय, चार मिनिटं," एवढंच ती संध्याकाळी फोनवर म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर मंगलला बरं वाटलं असतं.

मंगल त्या दिवशी जेवली नाही. तिला स्वतःचाच भयंकर राग आला होता. टोळी उतरवायच्या आधी मुकादमानं आपल्या पायानं वाट चालून बघायची, ही रीत तिनं परक्या माणसांसाठी वीस वर्षं पाळली आणि पोटच्या पोरीच्या वेळी फोनवर भागवलं. शिवाय भिंतीवरून उडी मारून कामावर जाणारा पायलट कुणी पाहिलाय?

"आपुन इमान कवा बगितलंय जवळून," आसाराम समजुतीनं म्हणाला.

"भिंत तर बगितलीय ना!" मंगल कडाडली आणि पिशवी भरायला लागली.

बीडहून एसटीनं ती पुण्यात उतरली आणि त्रिंबकला घेऊन थेट विमानतळाच्या दारापाशी गेली. तिथून तिनं उलटं चालायला सुरुवात केली. दारापासून निघायचं, घड्याळ बघायचं, पहिली राहण्यासारखी इमारत येईतो किती मिनिटं लागली ते ध्यानात ठेवायचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, कचेऱ्या सुटायच्या वेळी एकदा. त्रिंबकच्या चपलेचा अंगठा तुटला तरी तिनं त्याला सोडलं नाही.

"मावशी, माफ करा की आता," तो लंगडत म्हणाला.

"गप चल. खिडकीतून चाकं मोजत होतास ना?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक तीन मजली इमारत पक्की झाली. भर गर्दीतही दारापर्यंत पायी अठरा मिनिटं, गाडी मिळाली नाही तरी पायांवर भरवसा ठेवता येईल अशी. सगळे फ्लॅट भरलेले होते, फक्त पहिल्या मजल्यावरचा एक कुलूपबंद. दारावरच्या पाटीवर नाव होतं राधाकिशन, आणि खाली गाव, दिंद्रुड.

"हे आपले अण्णा!" त्रिंबक ओरडलाच.

दिंद्रुडचे राधाकिशनअण्णा म्हणजे मोठे बागायतदार, गावच्या राजकारणातलं वजनदार माणूस. एका हंगामात मंगलच्या टोळीनं त्यांचाच ऊस तोडला होता. पुण्याचा फ्लॅट त्यांनी मुलाच्या, तानाजीच्या, शिक्षणासाठी घेतलेला. तानाजी शिकून परदेशी गेला, फ्लॅटला कुलूप लागलं. मंगल आल्या पावली परत फिरली आणि आसारामला सोबत घेऊन दिंद्रुडला गेली.

अण्णांनी ओसरीवर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ते न्हाई जमायचं. पुण्याला कामं निघतेत, कार्यकर्ते असतेत, पाहुणे असतेत. अन् घरी बसून राहायची कसली गं ही नोकरी? तिला विमानतळाला चिटकून राहायची एवढी काय गरज?"

मंगल उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून अण्णांच्या पत्नी केसरबाई बाहेर आल्या. त्यांनी मंगलकडे निरखून बघितलं.

"तुमची कोपी आमच्या हिरीपाशी होती न्हवं?"

"व्हय काकू. तुमी वळखलं?"

"न वळखायला काय झालं? ऊस भरायच्या ट्रकाचा हॉर्न वाजला की तुमी हातातली भाकर टाकून पळायच्या." केसरबाई खाली बसल्या. "पोरीचं तसंच हाय का?"

"तसंच, काकू." मंगलचा आवाज कधी नव्हे तो चिरकला. "गाडी कवा येईल सांगता येत न्हाई. आली की हजर व्हायचं. आमचा ट्रक घडीभर थांबायचा तरी, हिचं इमान न्हाई थांबत. अजून एक बार उशीर झाला तर पोरीला खाली उतरवतेत. चूक माजी हाय, जागा मी ठरवली. म्हणून मी दारात आलेय."

आसाराम दुसरा चहा घेत होता, तो कप खाली ठेवून म्हणाला, "हिनं आजवर चूक कबूल केलेली मी बगितली न्हवती, अण्णा."

केसरबाई खुदकन हसल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "तवा मी म्हणायची, त्या बायांना दोन घास खाऊ द्या. तुमी म्हणायचे, गाडी थांबत न्हाई. आता त्यांच्या पोरीची गाडी थांबत न्हाई, तर तुमचे कार्यकर्ते झोपू द्या की लॉजवर."

अण्णांनी खाकरून घसा साफ केला, वर्तमानपत्र उघडलं आणि दोन पानं उलटी धरून वाचली. भाषणात कुणाचं न ऐकणारा तो माणूस ओसरीवर मात्र वाद घालत नसे. केसरबाई उठल्या, आतून किल्ली घेऊन आल्या. मंगल म्हणाली, रीतसर भाडं घेणार असाल तरच हात पुढं करते. केसरबाई म्हणाल्या, घेणार तर, आणि वर एक काम. पोरीनं दिंद्रुडला येऊन एकदा इथल्या मुलींशी बोलून जायचं.

त्या आठवड्यात सामान हललं. मंगल चार दिवस लेकीजवळ राहिली. पहिला दिवस, दुसरा दिवस फोन वाजला नाही. मंगलनं जाळी-जळमटं काढली, शेजारणींशी ओळखी केल्या, आणि फोन चार्ज आहे ना, हे पोरीला इतक्यांदा विचारलं की तिनं हात जोडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. करिष्मा केस विंचरत होती. "येस सर" म्हणाली आणि आत पळाली. बाहेर आली ती पांढऱ्याशुभ्र शर्टात, खांद्यावर पट्ट्या, हातात बॅग. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"माय, येते मी."

मंगल दारात जाऊन उभी राहिली. दर साली दसरा झाला की बोचकं घेऊन ट्रकमध्ये चढायची ती मंगल, आणि आत्या शिवकन्येचं बोट धरून दारात उभी राहायची ती करिष्मा. मग थेट उन्हाळ्यातच भेट. त्या वेळी मंगल कधी मागं वळून बघायची नाही, कारण बघितलं असतं तर ट्रकमध्ये चढवलं नसतं. पोरीला तेव्हा दारात कसं वाटत असेल, हे तिला आज पहिल्यांदा उभं राहून कळलं.

करिष्मा जिना उतरून गेली होती. मंगल कठड्यावरून वाकली आणि डोळे न पुसताच ओरडली, "अगं, कवा येशील?"

"उद्या सकाळी!"

"खायला काय करू?"

"धपाटे!" खालून आवाज आला.