यंदा भाकरी उरल्या नाहीत

राहात्याजवळच्या आमच्या गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की आमटी-भाकरीच्या पंगती. आमटी देवळामागं मोठ्या काहिलीत शिजते, भाकरी मात्र घराघरातून येते. सकाळी टेम्पो गावातून, वस्त्यांवरून फिरतो. ज्या घरातून जेवढ्या येतील तेवढ्या घ्यायच्या. मोजायच्या नाहीत, आणि कमी पडल्या तर काय, हे विचारायचं नाही. तेवढं देवाकडं सोडायचं, अशी आमच्याकडची रीत.

भाकरीचं काम बरीच वर्षं माझ्याकडं आहे, आणि माझ्या काळात भाकरी कधी कमी पडली नाही. गेल्या साली कीर्तनकार महाराज म्हणाले, "या गावची भाकरी देव पुरवतो." टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसलो.

कारण पुरवत होतो मी.

दरवर्षी काल्याच्या दिवशी माझी बायको आणि शेजारच्या गावातली माझी बहीण पहाटेपासून भाकरी थापायच्या. त्या भरल्या पाट्या मी धोतराचं फडकं टाकून झाकायचो आणि टेम्पो रिकामा होताना गावाच्या पाट्यांतच सरकवून द्यायचो. कुणाला कळायचं नाही. संध्याकाळी भाकरी उरायच्या, त्या आमच्याच म्हशी खायच्या. म्हणजे गावाच्या भाकरी पुरत होत्या, हे मला म्हशींच्या गव्हाणीत दिसत होतं. तरी पुढच्या साली पुन्हा पीठ दळून आणायचो.

माझी श्रद्धा नाही असं नाही. गळ्यात माळ आहे. देवळात जाऊन आल्याशिवाय मी चहा घेत नाही. पण देवाला "तुझं तू बघ" म्हणायचं आणि चार पावलं गेल्यावर वळून बघायचं, की तो बघतोय ना, हा माझा स्वभाव. पोरीच्या लग्नात तेच, उसाच्या तोडीत तेच. देव आहे, ही खात्री कधी हलली नाही. त्याच्या हातात काही द्यायची वेळ आली, की माझी मूठ मिटायची. त्यातून गाव माझ्या पाट्यांना देवाची कृपा म्हणायचं, आणि ते मी ऐकून घ्यायचो. हे कुणाशी बोललो नव्हतो.

यंदा सप्त्याआधी बायको गोठ्यात घसरून पडली. उजव्या मनगटाला प्लास्टर. बहीण लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. मी दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होतो. शेवटी शिर्डीच्या एका खानावळीत फोन लावायला मोबाईल काढला, तर बायको म्हणाली, "कुनाला लावताय?"

"असंच."

"भाकरीसाठीच ना? अहो, एक साल तरी ऱ्हाऊ द्या. माझा हात मोडलाय, देवाचा न्हाई मोडला."

मी फोन खिशात ठेवला. मोठ्या मनानं नव्हे, लाजेनं.

काल्याच्या दिवशी कीर्तनात माझं लक्ष नव्हतं. दर थोड्या वेळानं उठून पाट्यांवरचं फडकं वर करून बघत होतो. पहिली पंगत उठली, दुसरी उठली. तिसरीला वाढपी सांभाळून वाढायला लागले. शेवटची पंगत बायकांची आणि वाढप्यांची. त्या पंगतीला मी शेवटची पाटी उचलली, तर तळाला जेमतेम आठ-दहा भाकरी. समोर दोन ओळी भरून बसलेल्या.

भाकरी कमी पडली होती. मी तसाच पाटी धरून उभा राहिलो.

"काय झालं रे?" माझी थोरली चुलती ओळीच्या टोकाला बसली होती.

"काकी, भाकरी संपली."

"संपली तर संपली. त्यात रडायसारखं काय झालं? आन इकडं." तिनं पाटी ओढून घेतली आणि भाकरींचे तुकडे करून पुढं सरकवायला सुरुवात केली. दोघी-तिघी उठून घरी गेल्या आणि दुरडीत सकाळच्या घेऊन आल्या. कुणी नुसतीच आमटी ओरपली. एकजण म्हणाली, "मीबी यंदा चारच दिल्या बाई. दरसाल उरत्यात म्हनून."

"मीबी तेच केलं. उगं वाया जात्यात."

मी जागच्या जागी बसलो. इतकी वर्षं मी चोरून भर घालत होतो, आणि तेवढं तेवढं गाव कमी देत चाललं होतं.

मग मात्र तोंड उघडलं. सगळं सांगितलं. पाट्या, फडकं, म्हशी. मग चुलतीनं प्लास्टरवाल्या माझ्या बायकोकडं बघितलं. "म्हंजी इतकी सालं आमी ज्याच्या पाया पडत हुतो, त्यो देव हिच्या परातीत हुता व्हय?" अख्खी पंगत हसली. आमटी एकीच्या नाकात गेली.

"हसा तुमी," बायको म्हणाली. "ह्यांनी गावाला हात आखडायला शिकवलं, आन माझी कंबर मोडली ती येगळीच."

चुलतीनं माझ्यासमोर पत्रावळ ठेवली. अर्धी भाकरी, ती पण कडेनं करपलेली. "खा आता. पुढच्या साली आमी बघू."

मी ती आमटीत कुस्करली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सप्त्याचं जेवण निवांत जेवत होतो. एरवी सगळ्यांचं झाल्यावर उभ्यानं चार घास खायचो, नजर पाट्यांवर.

मी सुधारलोय असं म्हणवत नाही. पुढचा सप्ताह जवळ आला, की पिठाच्या डब्याकडं नजर जाणारच. पण आता घरोघरच्या बायकांना माहीत आहे, आणि त्या जाता-येता विचारतात, "काय भाऊजी, दळन झालं का?" मी हसतो. त्या दिवशी वाढायला काही उरलं नव्हतं, पोटं सगळ्यांची भरली होती, आणि माझ्या म्हशी कडब्यावरच होत्या.