निरशा दुधाचा ताप

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी हुलसूरच्या घरामागं पत्र्याचं शेड घातलं आणि कोहिनूर गावच्या चुलत भावाकडून एक दुभती, गाभण म्हैस आणली. मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं की दूध तापवलं की त्यातला जीव जातो. तेवढा पुरावा ह्यांना पुरला. कचेरीत असताना हेच लोकांना साध्या दाखल्यासाठी साक्षीदार आणि झेरॉक्स मागत.

रोज सकाळी हे स्वतः धार काढायचे आणि फेसासकट तांब्या तोंडाला लावायचे. मी माझ्या वाटणीचं दूध गॅसवर ठेवलं की दारात उभं राहून म्हणायचे, "दुधाचा खून करायलीस तू."

"व्हय," मी म्हणायची, "चहात घालायला मेलेलंच बरं."

मी शाळेत शिकवते. निरसं दूध पिऊ नये असं पुस्तकात आहे, हे मी सांगून बघितलं. पण बायकोनं सांगितलेली गोष्ट पुस्तकातही छापलेली असू शकते, हे ह्यांना पटण्यासारखं नव्हतं.

दिवस भरायच्या आधीच म्हैस गाभडली. गर्भाची वार आतच अडकली. जनावरांचे डॉक्टर बसवकल्याणला गेले होते. ह्यांनी बाह्या वर सारल्या आणि उघड्या हातांनी वार ओढून काढली. गल्लीतल्या माणसांनी कौतुक केलं. ह्यांनी हात धुतले, नुसत्या पाण्यानं, आणि आठवडाभर ती कथा जो भेटेल त्याला सांगितली. ऐकणाऱ्याच्या हातात चहा आहे की जेवणाचं ताट, हेही बघितलं नाही.

मग ताप सुरू झाला. संध्याकाळी थंडी वाजून चढायचा, पहाटे अंगातून घामाच्या धारा लागायच्या, चादर पिळून काढावी. सकाळी उठले की म्हणायचे, "गेला बघ," आणि तांब्या घेऊन शेडात. हुमनाबादला दाखवलं. टायफॉईड निघाला. तिथं कुणालाही दाखवलं की टायफॉईडच निघतो. सलाईन लावलं, ताप उतरला, आणि आम्ही पेढे वाटेपर्यंत परत आला.

जयभीम घालत पाहुणे यायला लागले. प्रत्येकाकडं एक निदान होतं. एकजण म्हणाला, रिटायर माणसाचं मन रमत न्हाई, त्याचा ताप असतो. दुसऱ्यानं माझ्या कानात सांगितलं की त्याच्या साडूला असंच झालं होतं आणि शेवटी कॅन्सर निघाला. चहा पिऊन मगच गेला. ताकद यावी म्हणून सगळ्यांचा एकच सल्ला होता, दूध वाढवा.

हळूहळू कंबर धरली. गाडीवर पाय टाकता येईना. पँट कमरेवर ठरेना. एका दुपारी मी शाळेतून आले तर हे पलंगाच्या काठावर एका पायात चप्पल घालून नुसते बसले होते. दुसरी वाकून घेता येत नव्हती. मी ती पुढं सरकवली. मला म्हणाले, "ह्यातनं मी उठतो असं काय वाटत न्हाई गं." मी खाली बसले. चप्पल उचलून ह्यांच्या पायात घातली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ह्यांना बीदरला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कानडी वळणाचं मराठी बोलायच्या. त्यांनी आधी रिपोर्ट बघितलेच नाहीत.

"अंकल, घरी जनावर हाय का?"

झालं. ह्यांच्या अंगात ताप असूनही हुरूप आला. म्हैस, धार, फेस, मोबाईलवरचं ज्ञान, अडकलेली वार, सगळं क्रमानं सांगितलं. बाईंनी मन लावून ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग माझ्याकडं वळल्या. "तुमी बी कच्चंच पिता का?"

"न्हाई. मी खून करून पिते."

रक्त तपासलं. ब्रुसेलोसिस. जनावरातून माणसाला होणारा आजार आहे, दुधातून येतो, वारेला हात लावल्यानंही येतो, असं बाईंनी समजावलं. ह्यांनी दोन्ही वाटा सोडल्या नव्हत्या. दोन प्रकारच्या गोळ्या कित्येक आठवडे घ्यायच्या, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, असं बजावलं. हे मात्र म्हशीच्या वतीनं दुखावले. "ती तर चांगली खाती-पिती हाय," म्हणाले.

म्हशीचंही रक्त तपासलं. तिलाही तेच. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिच्यावर इलाज नाही, वेगळी बांधा, कुणाला विकू नका. ह्यांनी चुलत भावाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडं बी गाभडली होती की ती. सांगायचं राहिलं." त्याच्या बाकीच्या जनावरांची तपासणी करून घे म्हटल्यावर मात्र त्यानं फोन ठेवला. आमच्या जनावरांची बदनामी करायलेत, असं त्यानं सगळ्या भावकीत सांगितलं.

गोळ्यांनी गुण आला. ताप उतरला तो उतरलाच. कंबर अजून कुरकुर करते.

मध्यंतरी कोहिनूरहून त्याच भावाच्या सुनेचा मला फोन आला. घरातून नव्हे, शेतातून. शेण काढणं, धार काढणं, व्यायला आलेल्या म्हशीजवळ बसणं, सगळं तिच्याकडं. "काकू, काकांना घाम यायचा तो कसा यायचा?" तिनं विचारलं. तिला दिवाळीपासून ताप येत होता. सासऱ्यानं निदान केलं होतं, कामाचा कंटाळा.

मी तिला बसवकल्याणच्या स्टँडवर ये म्हटलं. हेही निघाले. बीदरच्या दवाखान्यात आम्ही तिघं बाकावर बसलो. तिचा नंबर आल्यावर ती उठली आणि दारातच थांबली.

"बाई काय विचारतील?" तिनं ह्यांना विचारलं.

"जनावर हाय का म्हणून विचारतील," हे म्हणाले. "सगळं सांग. काय लपवू नको."

ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही; दारातून तिचाच आवाज ऐकू येत होता.