एकदा तपासून घेतो

लिहिलेलं कधी तरी पूर्ण होतं, यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा विश्वासच नाही. ते मूळचे करमाडचे. उभी हयात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. केसाएवढी चीर दिसली तरी माल परत. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते घरातली पातेली उन्हात धरून बघू लागले. मग नातीनं त्यांच्या फोनवर चॅटबॉट घालून दिला आणि त्याच्याकडून शुद्धलेखन तपासून घ्यायला शिकवलं. तेव्हापासून काकांचं एकही वाक्य तपासल्याशिवाय घराबाहेर पडलेलं नाही. दूधवाल्याची चिठ्ठीसुद्धा. माझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मला तिसऱ्या दिवशी मिळाल्या, पण सगळ्या विरामचिन्हांसकट.

हे काम बसून होत नाही. फोन हातात धरून काका जिना चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. 'आता काही चूक आहे का?' असं विचारतात. तो एक स्वल्पविराम घालायला सांगतो. काका घालतात आणि पुन्हा विचारतात. तो तोच स्वल्पविराम काढायला सांगतो. "याचं एक मत टिकत नाय," माझ्या दारात थांबून ते म्हणाले, "आमच्या खात्यात असा माणूस तीन दिवस राहिला नसता." आणि पुन्हा विचारायला वर गेले. नळाला पाणी येणार असल्याचा निरोप इमारतीच्या ग्रुपवर टाकायचं काम एकदा त्यांच्याकडं होतं. आमच्याकडं पाण्याची किती दिवस वाट बघावी लागते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. 'टाक्या भरून घ्या' की 'भरून घ्याव्यात' याचा निकाल लागेपर्यंत पाणी येऊन गेलं. निरोप मात्र निर्दोष होता.

मागच्या महिन्यात काकू निवृत्त झाल्या. फुलंब्रीजवळच्या एका गावात त्यांची अंगणवाडी. तीसेक वर्षं सकाळची एसटी पकडून गेल्या. निरोप समारंभात काकांनी दोन शब्द बोलायचं ठरलं आणि आठ दिवस आमचा जिना शांत झाला नाही. भाषण उत्तम झालं. 'अविरत सेवा', 'कुटुंबाला अभिमान', टाळ्या. काकू मात्र मान खाली घालून सत्काराच्या शालीची घडी घालत होत्या.

घरी परतल्यावर मला चहा देता देता त्यांनी काकांना विचारलं, "ते भाषण कोणाचं होतं?"

"माझंच. त्यानं फक्त तपासलं."

"मग आधी काय लिहिलं होतं?"

काकांना आठवेना. ते उठले, गॅलरीत गेले, परत आले. "लई वेळा बदललं गं," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. मी मजकूर मागं सरकवत गेले. कितीतरी तपासण्यांच्या मागं पहिला मसुदा सापडला. त्यात लिहिलं होतं, 'एवढी वर्षं थंडीपावसात तू स्टँडवर चालत गेलीस. स्कूटर दारात उभी होती. मी एकदाबी सोडायला आलो नाय. मला झोप प्यारी होती.' त्याखाली चॅटबॉटनं विचारलं होतं, ही वाक्यं सत्काराच्या प्रसंगाला शोभतील का, काढू का? काकांनी उत्तर दिलं होतं, 'काढा.'

"त्यानं विचारलं, अन् मला बरंच वाटलं," काका म्हणाले.

काकूंनी फोन लांब धरून सावकाश वाचलं. मग तो टेबलावर ठेवला.

"तिथं वाचलं असतं तर मला लोकांपुढं तोंड लपवावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "काढलं ते बरं केलं. पण घरी तर सांगायचं."

काका फोन तिथंच ठेवून पुन्हा गॅलरीत गेले.

आता काकूंना रोज कुठं जायचं नसतं, हीच काकांची नवी अडचण आहे. सकाळी ते स्कूटर पुसून फाटकाशी येरझाऱ्या घालतात. काकू पिशवी घेऊन खाली उतरल्या की विचारतात, "सोडू का?" किराणा दुकान चालत दोन मिनिटांवर आहे. काकू पदर सावरून मागं बसतात. गल्लीच्या तोंडाशी दुकान डावीकडं आहे. काका उजवीकडं, स्टँडच्या रस्त्याला वळतात. मग तासाभरानं दोघं साखर घेऊन परत येतात.