काचेपलीकडचा चापडा

कोविडच्या काळात ब्रिस्बेनमधला लॉकडाउन उठला तेव्हा मी लेकीला घेऊन एका लहानशा सर्पोद्यानात गेले. दारातच एक दाढीवाला राखणदार येणाऱ्याच्या कपाळावर थर्मामीटर रोखून उभा होता. माणसांचा त्याने भलताच धसका घेतला होता. मी नुसती खाकरले तर दोन पावलं मागे सरकला. आत मात्र इंडोनेशियाच्या बेटांवरच्या विषारी, निळ्या चापडा सापाची मादी दाखवताना त्याने मास्कसकट नाक काचेला टेकवलं आणि लाडाने म्हणाला, "मॉर्निंग, डार्लिंग."

"भीती नाही वाटत हिची?" मी विचारलं.

"ही शिंकत नाही, मेट."

डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळग्यामुळे हिला अंधारातही उंदराची ऊब कळते, असं त्याने सांगितलं. म्हणजे थर्मामीटरवाला हा आणि ही, दोघं एकाच खात्यातले. लेकीने लगेच काचेवर पंजा टेकवला. साप ढिम्म.

"काचेतून ऊब जात नाही, स्वीटी," तो म्हणाला. मग जरासा ओशाळून, "मी रोज हात ठेवतो, ते सोड."

घरी आल्यावर पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. विमानं अजून बंदच होती. आईने नेहमीसारखा स्क्रीनवरच नातीच्या गालांवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

"आजी, हीट डझन्ट गो थ्रू ग्लास," लेक म्हणाली. गाल मात्र तिने फोनला चिकटवूनच ठेवला होता.

"काय म्हणते गं ती?" आईने मला विचारलं.

"अजून एकदा कर म्हणते," मी म्हटलं.