तुळशीशेजारची लाल फुलं

माणसाचं नशीब मातीत लिहिलेलं असतं. आमचं अनगोळच्या घरामागं, तुळशीवृंदावनाला लागून लिहिलेलं होतं, आणि श्रावणात ते कुजायला लागलं.

मोठ्या साहेबांच्या मडमेनं आमच्या ह्यांना विलायती फुलझाडाची चार रोपं दिली होती. कोनफ्लॉवर. हातभरही उंच न होणारं ठेंगणं झाड, लाल पाकळ्या आणि मधोमध खरखरीत बोंड. फुललं की बघायला येईन, असं ती म्हणाली होती. हे कचेरीत कारकून. अथणीला बदली होणार अशी कुणकुण होती, आणि बदली झाली की माझी मुलींच्या शाळेतली नोकरी सुटणार होती. मडम खूश झाली तर बदली टळेल, असा ह्यांचा होरा. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी सकाळी उठून मी आधी कळ्याच बघायची.

मडम गुरुवारी येणार असा निरोप आला, आणि सोमवारी रोपांनी माना टाकल्या. हे छत्री धरून त्यांच्यापाशी उभे राहिले. सासूबाईंनी आणखी एक तांब्या ओतला. तुळशीला घालून उरलेलं पाणी त्या रोज ह्याच रोपांना घालायच्या. पाऊस असो नसो, देवाचं पाणी मोरीत जाता कामा नये.

मी खुरपं घेतलं आणि एक रोप उपटलं. मूळ काळं, लिबलिबीत झालं होतं.

"तुळशीपाशी लावलेलं झाड उपटलंस?" सासूबाई म्हणाल्या. "तान लागलीया तेला. पाण्यानं कोण मरतंय व्हय गं?"

मी मूळ त्यांच्या नाकाशी नेलं. त्या नाकाला पदर लावून आत गेल्या.

उरलेली तिन्ही रोपं मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वाळू आणि विटांचे तुकडे घालून केलेल्या उंचवट्यावर लावली. दुसऱ्या सकाळी सासूबाई प्रदक्षिणा आटोपून तांब्यासकट थेट उंचवट्याकडे निघाल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी रोपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाणी केळीला घातलं.

गुरुवारपर्यंत एका रोपानं मान वर केली. त्यावर दोन फुलं होती.

मडम आली, चिखलातून घागरा उचलून फुलांपाशी गेली आणि खरोखरच खूश झाली. अथणीच्या कचेरीपुढं नुसती धूळ उडते, तिथं असाच हौशी माणूस पाहिजे, हे मी आजच साहेबांना सांगते, असं तिनं ह्यांना सांगितलं. हे कमरेत वाकून 'येस मॅडम' म्हणत राहिले.

दिवाळीच्या आधी आम्ही रोपं सोबत घेऊन अथणीला गेलो. तिकडं पाऊस कमी. ती झाडं तणासारखी माजली.