गडग्याला फुटलेले पाय

उत्खननवाल्यांना आपल्या मळ्यात कुझ्मानं स्वतःच बोलावलं, आणि तिथंच तो फसला.

ह्वार बेटावरच्या त्या मैदानात द्राक्षमळ्यांच्या कडेनं नुसते दगडावर दगड ठेवून रचलेले गडगे आहेत. कुझ्माइतका सुबक गडगा कुणी रचत नाही, असं गाव म्हणे. गावाआधी कुझ्मा म्हणे. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीकांनी शेतं आखली, त्याच रेषांवर आपण अजून वेली लावतो, हे तो कॉफीच्या दुकानात येईल त्याला ऐकवी. तिथंच त्यानं उत्खननवाल्या बाईंना सांगितलं, "माझ्या गडग्याखाली खणा की. रेषा बोटभर हललेली नाही." बाई चार खापऱ्या उचलून जातील, असा त्याचा हिशेब.

शेजारची म्हातारी लुक्रेकाकू मात्र कधीची सांगत होती, की ती मुलीकडे गेली होती त्या हिवाळ्यात गडगा सरकला आणि तिचं अंजिराचं झाड पलीकडे गेलं. "काकू, गडग्याला पाय फुटले काय?" म्हणून गाव हसे. सगळ्यात मोठ्यानं कुझ्मा. वादळानं पाडलेला गडगा त्याच हिवाळ्यात त्यानं उभा केला होता; ट्रॅक्टर वळेल एवढी जागा काढून.

बाईंना जुना पाया सापडला. सुतासारखा सरळ, पण गडग्यापासून दोन हात आत, कुझ्माच्या बाजूला.

"गडगा सरकलाय!" बाई खुशीत म्हणाल्या. "बेटावर व्हेनिसवाल्यांचं राज्य होतं, तेव्हा असेल."

"तेव्हाच!" कुझ्मा घाईनं म्हणाला. "लबाडच होते ते."

मग त्यांनी गडग्याचा तळाचा दगड हलवला. खाली बिअरचं बूच.

बघायला आलेल्या लुक्रेकाकूनं ते पुसून उन्हात धरलं. "तू पितोस तीच रे ही, कुझ्मा. व्हेनिसवालेही हीच प्यायचे होय?"

"काकू, ट्रॅक्टर वळत नव्हता गं."

"मग तसं सांगायचंस. मला वेडी कशाला ठरवलंस?"

रविवारी चर्च सुटल्यावर, सगळं गाव बघत असताना, कुझ्मानं गडगा उतरवला आणि जुन्या पायावर पुन्हा रचायला घेतला. ट्रॅक्टर आता उलटा चालवत बाहेर काढावा लागतो.

"मधल्या वर्षांची अंजिरं?" काकूनं विचारलं.

"ती खाल्ली की."

"ठाऊक आहे. तुझ्या बायकोनं तमालपत्रं घालून वाळवली आणि गावभर वाटली, तेव्हा मीही घेतली. वर छान झालीत म्हणाले, मेल्या! एक टोपली भरून दे आता, तुझ्या झाडाची."

कुझ्माकडे स्वतःचं झाड कुठलं? त्यानं तिच्याच झाडाची फांदी मागून घेतली आणि आपल्या बाजूला लावली. ती अजून गुडघ्याएवढीच आहे. काकू गडग्यावरून डोकावते, रिकामी टोपली हलवून दाखवते आणि घरी जाते.