चोवीस जणांचं प्रसन्न मन

समस्त मराठी जनांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ऑनलाइन शिक्षणाच्या त्या वर्षी आमच्या कॉलेजातली बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची माझी चोवीसच्या चोवीस मुलं पूर्ण सुखी होती. प्रत्येकाची झोप आठ तास. व्यायाम अर्धा तास. मित्रांशी बोलणं रोज. मन प्रसन्न. एवढं सुख मला सासरी-माहेरी कुठंच सापडलेलं नाही.

मी केमिस्ट्री शिकवते आणि मेंटॉर आहे. मेंटॉर म्हणजे वीस-पंचवीस मुलांची कॉलेजातली आई. फक्त कान पिळायची परवानगी नाही. मुलं घरात कोंडलेली, म्हणून मी एक ऑनलाइन फॉर्म बनवला. झोपलास का, जेवलास का, कुणाशी बोललास का. दर सोमवारी भरायचा. फॉर्म बनवून मी स्वतःवरच बेहद्द खूश होते.

अशाच एका सोमवारी दुपारी या चोवीसांतल्या संदीपच्या आईचा फोन आला. त्या वाळूजला कंपनीत पॅकिंगला, राहायला बजाजनगरात. जेवणाच्या सुट्टीत, गेटबाहेरून बोलत होत्या.

"मॅडम, पोरगं तीन दिवसांपासून भिंतीकडं तोंड करून पडलंय. बोलत नाय, खात नाय. फोन बंद करून ठेवलाय. कॉलेजात काय झालं का?"

मी लॅपटॉप उघडला. त्याच सकाळचा संदीपचा फॉर्म: जेवण दोन वेळ, चालणं अर्धा तास, मन प्रसन्न.

फोन बंद असताना?

फॉर्म जिथं जमा होतात, त्या शीटमध्ये वेळही उमटते. पहिला फॉर्म दहा बाराला, शेवटचा दहा एकतीसला. आणि सगळे रोल नंबरच्या क्रमानं. सुखसुद्धा हजेरीपटाप्रमाणे आलं होतं!

प्राचार्यांना फोन केला.

"मॅडम, शंभर टक्के प्रतिसाद! अभिनंदन. रिपोर्टला लावून टाका."

"सर, हे सगळं खोटं आहे."

"खोटं कसं? प्रसन्न लिहिलंय ना?"

संदीपबद्दल सांगितलं तेव्हा मात्र ते गंभीर झाले. कॉलेजच्या समुपदेशक, म्हणजे मुलांच्या मनाचं ऐकून घेणाऱ्या बाईंची वेळ त्यांनी तातडीनं मागितली. मिळाली बुधवारची. मधले दोन दिवस काय करायचं? मी हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या. स्वच्छ गॅस पुन्हा पुसला. मग वर्गाच्या सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधी रेखाला, फोन लावला. रेखा करमाडची. घरात रेंज नाही, म्हणून शेळ्या घेऊन टेकडीवर जायची आणि तिथून लेक्चर ऐकायची.

"रेखा, फॉर्म कोण भरतं?"

"ज्याचा तो, मॅडम."

"रोल नंबरनं?"

तिकडं तिनं एका शेळीला हाकललं.

"मीच भरते मॅडम. पोरांचा नेट पॅक लेक्चरलाच पुरत नाय. कॉलेज चालू होतं तवा हजेरी पण मीच मारायची ना."

"मुलांचीसुद्धा?"

"आवाज जाड करून. तुम्हाला लई वेळा फसवलंय."

रागवायला हवं होतं. पण असलं कसब पाहिलं की माझी दादच जाते.

"अगं, पण सगळ्यांचं मन प्रसन्न कसं?"

"मग काय लिहू? उदास लिहिलं आन् इंटर्नलचे मार्क कापले तर?"

घ्या. माझ्या मायेच्या फॉर्मची मुलांनी परीक्षा करून टाकली होती, आणि परीक्षेला आमची मुलं जे करतात तेच केलं होतं.

"संदीपशी शेवटचं कधी बोललीस?"

रेखाचा आवाज एकदम बारीक झाला. "महिना झाला असंल. काय झालं त्याला?"

मी सांगितलं. पाचपर्यंत तिनं मला चार फोन केले. पाच वाजता संदीपच्या आई घरी पोचल्या. तिघींनी कॉन्फरन्स कॉल लावला आणि आईंनी फोन स्पीकरवर टाकून त्याच्या उशीशी ठेवला.

मी माझा सगळ्यात मऊ आवाज काढला. "संदीप बेटा, मनात काय चाललंय, मोकळेपणानं बोल." दहा मिनिटं मी बोलत होते आणि पंख्याची घरघर ऐकत होते.

"मॅडम, तुम्ही जरा थांबा," रेखा म्हणाली. "ए संद्या, तुझा फॉर्म भरतेय. आता खरं लिहायचं ठरलंय. झोप चोवीस तास. व्यायाम शून्य. मित्र शून्य. आंघोळ," इथं एक शेळी ओरडली, "आंघोळ महिनाभर नाय. मॅडम, हे वर्गाच्या ग्रुपवर टाकू का?"

मी नको म्हणणार तोच पलीकडं खाट करकरली.

पुढचं सांगून टाकते. बुधवारी समुपदेशक बाई बोलल्या, नंतरही बरेच बुधवार बोलल्या. संदीप सावरायला वेळ लागला, पण परीक्षेला बसला. मी फॉर्मचा नियम बदलला: प्रत्येकानं दुसऱ्याचाच भरायचा, आणि त्याला फोन केल्याशिवाय भरायचा नाही. त्यानंतर एकाही सोमवारी शंभर टक्के प्रसन्नता आली नाही. प्राचार्य नाराज झाले. मी निवांत झोपू लागले. धडा एवढाच, की मुलांची चौकशी मुलांनाच करू द्यावी. मोठ्यांच्या मऊ आवाजाला ती घाबरतात.

आणि त्या संध्याकाळी, तीन दिवसांनी, संदीपच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं:

"ए रेखे, गुरुवारी केलीय मी आंघोळ, आईला इचार!"